लवणातल्या आसरांना पत्रिका

सुमितच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि वहिनीच्या हॉलमध्ये पिशव्यांची रांग लागली. पण एक पत्रिका घराबाहेर जाईल तर शपथ! आमच्याकडची रीत अशी, की पहिली गणपतीला, दुसरी कुलदैवताला आणि तिसरी रानातल्या साती आसरांना. साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवी. आमच्या ओढ्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड होते, त्याच. तिसरी ठेवल्याशिवाय चौथी कुणाच्या हातात द्यायची नाही. पहिल्या दोन झाल्या आणि तिसरीपाशी गाडं अडलं, कारण ते रान विकून आम्हाला बरीच वर्षं झाली.

भाऊ फर्स्ट शिफ्टला, त्याच्या सुट्ट्या लग्नासाठी राखलेल्या. वहिनीचा मला फोन आला, ताई, अण्णांना तुम्हीच घेऊन जा, पाहुणे विचारून विचारून जीव खातायत. अण्णा म्हणजे माझे वडील, ऐंशी ओलांडलेले, मोशीला भावाकडे असतात. मी संत तुकाराम नगरहून गाडी काढली. मनालीची वर्णनं वाचणाऱ्यांनो, हसू नका. मोशी ते चाकणच्या पलीकडे हाही प्रवासच आहे, आणि संध्याकाळी निघालात तर मनालीपेक्षा लांबचा.

जायचंच असेल तर गुरुवारी जा. भावाची सोडली तर बऱ्याच कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते, रस्ता निदान श्वास घेतो. सकाळी लवकर निघा, मोशीतच मिसळ खाऊन घ्या, पुढे चाकणच्या चौकांत अडकलात की चहासुद्धा नशिबात नसतो. आमची दोघांची मिसळ आणि वर चहा दोनशेच्या आत झाला. अण्णांनी तर्री परत मागून घेतली आणि वहिनीला सांगू नको म्हणाले.

इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि अण्णा सुरू झाले. मी नकाशा लावला होता, त्यातली बाई आपली उजवीकडे वळा, डावीकडे वळा करत होती, आणि अण्णांचा नकाशा वेगळाच. हा तांबडमाळ, इथला मुरूम लाल. ही पांढरी, म्हणजे फार जुन्या वस्तीची जागा, नांगराला खापरं लागायची. तो पानमळा, तिथं नागवेलीची पानं व्हायची म्हणे, अण्णांच्या आज्यानेही पाहिली नव्हती, पण नाव राहिलं. चोरओढ्याच्या नावाच्या मात्र त्यांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही खऱ्या म्हणाले. मी गाडी चालवता चालवता बघत होते. मला पत्र्याच्या शेड दिसत होत्या, कंटेनर दिसत होते आणि 'रूम भाड्याने देणे आहे'च्या पाट्या.

आपल्या भागाची नावं तशी साधीच. चिंचवड म्हटलं की चिंचा आणि वड, पिंपरी म्हटलं की पिंपळ, असं आम्हाला शाळेत सांगायचे. खरं-खोटं जाणकार जाणोत. पण गावाच्या नावाची पाटी तरी असते. शेताच्या नावाला कोण पाटी लावतो? ते बोलणाऱ्याच्या तोंडात असतं, तेवढंच.

आमच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही जाल, तुम्हाला काही दिसणार नाही आणि गावकरी माझ्यावर उखडतील. तर, आमच्या त्या शेताचं नाव लवण. लहानपणी मी तिथे भाकरीचं गाठोडं घेऊन जायचे. मला वाटलं, बघताक्षणी ओळखेन. कसलं काय! हमरस्ता सोडून आत वळलो आणि चारी बाजूंना सारख्याच भिंती.

अण्णांनी काच खाली केली आणि भेटेल त्याला विचारायला लागले. रिक्षावाल्याने विचारलं, लवण म्हणजे कुठली सोसायटी? टपरीवरच्या बाईंनी कंपनीचं नाव विचारलं. हेल्मेट घातलेल्या एका इंजिनिअर मुलाने बिचाऱ्याने फोनवर शोधूनही पाहिलं. मी हळूच म्हटलं, अण्णा, इथे सगळं कंपनीच्या नावावर चालतं, आपल्या रानात कुठली कंपनी आली ते तरी सांगा. ते माझ्यावर तडकले.

"कंपनीला कोन इचारतंय? आमी लवणात आलोय."

त्यांचा हिशोब सरळ होता. टेकाड उजव्या हाताला धरायचं, वाकड्या बाभळीपाशी उतरायचं. पण टेकाडच कापून नेलेलं. बाभूळ कुठली असायला! एकाच वळणावर आम्ही पुन्हा पुन्हा येत होतो आणि दर वेळी अण्णांचा आवाज थोडा उतरत होता. मांडीवरच्या पिशवीत पत्रिका, हळदीकुंकू, खण, नारळ आणि हिरव्या बांगड्या. ते पिशवी घट्ट धरून बसले होते. ज्या माणसाने अंधारात, झोपेत त्या बांधावरून बैल आणले, त्याला जागा सापडत नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कुणाचा ते विचारू नका, मलाच ठरवता आलं नाही.

शेवटी निळ्या पत्र्याच्या एका मोठ्या कंपनीच्या मागच्या गेटापाशी मी गाडी थांबवली. म्हटलं, पाणी प्या आणि परत फिरू. गेटावरचा सिक्युरिटी परभणीकडचा होता. गाडी हटवा म्हणायला आला, अण्णांना पाहून नरमला आणि स्वतःची खुर्ची आणून दिली. मग आपलं दुखणं सांगत बसला. पुढचं गेट चांगलं, सावलीचं. याची ड्युटी कायम इकडे, आणि पावसाळ्यात इथे हाल.

"काय सांगू मामा, गुडघ्याएवढं पाणी साचतंय बघा इथं. दोनदा भराव टाकला, नाली काढली, तरी सगळीकडचं पाणी इथंच येतंय."

अण्णा खुर्चीतून उठले. लवण म्हणजेच सखल जागा, चहूकडचं पाणी जिथे उतरून येतं ती. त्यांनी नाली कुठून येते आणि कुठे जाते ते नीट पाहिलं, मग भिंतीच्या कडेने थोडं चालत गेले आणि म्हणाले, "हेच हाय." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

दगडांचं त्या सिक्युरिटीला काही ठाऊक नव्हतं. तो आला तेव्हापासून भिंतच होती. अण्णांनी भिंतीच्या पायथ्याशी, नालीच्या कडेला हळदीकुंकवाची सात बोटं ओढली, खण-नारळ आणि बांगड्या मांडल्या आणि वर पत्रिका ठेवली. मी हात जोडले, पण खरं सांगते, मला सिमेंटच दिसत होतं. तो माणूसही चपला काढून उभा राहिला. मग अवघडून म्हणाला, की उद्या सफाईवाले उचलतील, इथं काही ठेवलं की साहेब लोक ओरडतेत. अण्णा म्हणाले, ओरडू दे, आमचं सांगून झालं.

परतीच्या वाटेवर मी मुद्दाम विचारलं, हा तांबडमाळ ना? ते नुसतं हूं म्हणाले. चाकणला ट्रॅफिकमध्ये भरपूर वेळ गेला आणि तेवढ्या वेळात त्यांनी एकाही जागेचं नाव घेतलं नाही.

संध्याकाळी सुमित मारुंजीच्या रूमवरून घरी आला. वहिनीने पत्रिकांच्या पिशव्या मोकळ्या केल्या होत्या, घरात गडबड होती, मी निघायच्या बेतात होते. लग्नानंतर नवरा-नवरीने आसरांच्या पाया पडायला जायचं, हीही रीतच. सुमितने फोन हातात घेऊन अण्णांना विचारलं, जागा कुठली, काय नावाने सेव्ह करू? मनापासून विचारलं पोराने.

"निळी कंपनी म्हन. मागचं गेट."

मला राहवलं नाही. "अण्णा, लवण सांगा की त्याला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लवण म्हनून कुनाला इचारंल त्यो? निळी कंपनी कुनीबी दावंल."

सुमितने तसंच लिहून घेतलं.