घंटा होईपर्यंत

शाळेचं फाटक आलं की आई दोन्ही पोरांची बोटं सोडून द्यायची. फाटकाच्या आत ती आई नव्हती, बाई होती. तिला अहो-जाहो करायचं, हात वर केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि डबा खायच्या सुट्टीत तिच्या टेबलाकडे फिरकायचंसुद्धा नाही. हा नियम तिच्यावर कुणी लादला नव्हता, तिचा तिनंच केला होता. नवरा धाकटा पोटात असतानाच गेलेला, नोकरी नवी, आणि बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? बाईंच्या पोरांना झुकतं माप मिळतं, असं कुणी म्हणता कामा नये, एवढाच तिचा ध्यास. झुकतं माप राहिलं बाजूला. दुसऱ्याचं पोर चुकलं तर "पुन्हा बघ हं बाळा", आणि स्वतःचं चुकलं तर "उभा राहा".

थोरलीला हे जमून गेलं. ती मुळातच पडखाऊ. धाकटा मात्र महाबिलंदर. सुरुवातीला भर वर्गात "आई" म्हणून बसला, सगळी पोरं फिदीफिदी हसली, आणि ती म्हणाली, "इथे कुणाची आई बसलेली नाही." मग पठ्ठ्यानं घरीही उट्टं काढलं. "बाई, दूध नको. बाई, झोप आली." ती हसून हसून बेजार व्हायची. त्या घरातलं तेवढंच हसू.

पहिली आणि दुसरी एकाच खोलीत भरायची. धाकटा पहिलीत, थोरली दुसरीत, फळा दोघांना एकच. त्या दिवशी आई फळ्यावर लिहीत होती आणि धाकट्यानं हात वर केला. "बाई, पोटात दुखतंय."

आदल्या दिवशी पाढे म्हणायच्या वेळी त्यानं हेच सोंग आणलं होतं. तिनं मान वळवली नाही. "घंटा होईपर्यंत बस."

थोड्या वेळानं पुन्हा हात वर. "बाई, खूप दुखतंय."

"नाटकं पुरे झाली. घंटा होईपर्यंत म्हटलं ना?"

आणि ते कार्टं, जे एरवी कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही, ते त्या दिवशी निमूट बसलं. बाकावर डोकं टेकून बसलं. थोरली पलीकडच्या रांगेतून बघत होती. घंटा झाली, पोरं दप्तरं घेऊन पळाली, तो उठलाच नाही.

अपेंडिक्स फुटलं होतं. आदल्या दिवशीचं सोंग म्हणजे सोंग नव्हतंच. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." थोडं आधी! डॉक्टर लोक असं सहज बोलून जातात, आणि ऐकणाऱ्याला ते जन्मभर पुरतं. दोन दिवसांनी धाकटा गेला.

ती पुन्हा शाळेत उभी राहिली तेव्हा लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. म्हणेनात का! निघताना फाटकापाशी तिनं थोरलीचं बोट घट्ट धरलं. "आता आतही आईच म्हण." थोरलीनं बोट सोडवून घेतलं. म्हणाली, "नको, बाई."

तो शब्द तिनं मग घरीही सोडला नाही. बाई, भूक लागली. बाई, पास झाले. बाई, मला नोकरी लागली. आई दर हाकेला ओ देत गेली. तापात उशाशी बसली, स्वतःच्या साड्या फाडून हिचे फ्रॉक शिवले. लोकांना वाटायचं, काय गोड आहे, आईला बाई म्हणते! थोरली हसून घ्यायची. आपण रोज उठून आईच्या थोबाडीत मारतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. थांबता मात्र येत नव्हतं. "आई" म्हटलं की धाकट्याचं सगळं मिटलं, असं तिला वाटायचं.

इकडे शाळेत वेगळीच गंमत. कुठल्याही पोरानं "पोटात दुखतंय" म्हटलं की बाई हातातला खडू टाकून त्याच्याशेजारी जाऊन बसायच्या. पोटावर हात ठेवायच्या. "कुठं? इथं? की इथं?" असं दाबत दाबत त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. पोरं काय कमी असतात? गणिताच्या तासाला अर्ध्या वर्गाचं पोट दुखायला लागलं. मुख्याध्यापक वैतागले. "बाई, ही पोरं तुम्हाला सरळ सरळ बनवतात हो!"

"बनवू देत, सर."

नोकरी संपेपर्यंत हे असंच चाललं. एक-दोन दुखणी खरी निघाली, ती पोरं वाचली. त्यांच्या आया हात धरून रडायला आल्या की बाई काहीतरी काम काढून उठून जायच्या.

आता बाई हॉस्पिटलात होत्या आणि डॉक्टरांनी थोरलीला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "आज-उद्याचं आहे. काय बोलायचं ते बोलून घ्या." सकाळपासून ती खाटेपाशी बसून होती. "आई" म्हणायला तोंड उघडायची आणि नुसती चादर नीट करायची. भेटायला येणारे जुने विद्यार्थी मात्र एकामागून एक तेच ऐकवून जात होते, "आमची तर आईच हो त्या!" थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. सगळ्या जगाची आई, आणि ज्यानं हात वर केला त्याची?

दुपारी एक आडदांड बस ड्रायव्हर आला. टोपी चुरगाळत उभा राहिला आणि एकदम म्हणाला, "बाई, माझं पोट कधीच दुखत नव्हतं हो. एकदासुद्धा नाही."

बाईंनी डोळे उघडले. ओठ हलले. "ठाऊक होतं रे."

ड्रायव्हर तोंड फिरवून, रडत बाहेर गेला. म्हणजे खोटं आहे हे कळत असतानाही बाई दर वेळी उठत होत्या. एवढी वर्षं, एवढ्या पोटांवर त्या कुणाचं दुखणं चाचपत होत्या, ते थोरलीला आत्ता कळलं.

तिनं हात वर केला. अगदी वर्गात करायची तसा. बाईंची नजर त्या हाताकडे गेली.

"आई," थोरली म्हणाली, "पोटात दुखतंय गं."

चादरीवरून बाईंचा हात उचलला गेला. सुईची पट्टी चिकटवलेला, नुसती हाडं उरलेला हात. तो हवेत चाचपडला आणि पडायला लागला, तसा थोरलीनं पुढे होऊन धरला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"कुठं?"

"इथं."

बोटं हळूच दाबली गेली. डोळे थोरलीच्या तोंडावर होते.

"चल, जाऊ या," आई म्हणाली. "घंटेची वाट नको बघायला."

मग बोटांतला जोर गेला. नर्स आली, तिनं मनगट धरून पाहिलं आणि घड्याळाकडे बघितलं. थोरलीनं तो हात तिथून काढू दिला नाही.