बुद्रुक की खुर्द?

जगभरच्या भामट्यांना न चुकता उत्तर पाठवणारा माणूस मी एकच पाहिला: लातूरचे आमचे घरमालक काका. वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीसाठी मी वर्षभर त्यांच्या वरच्या खोलीत राहिले. काका टपालखात्यात आयुष्यभर पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झाले होते आणि संगणकावर येणारी मेलही टपालासारखीच हाताळत. रोज सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून बसायचं, आधी पाठवणाऱ्याचा पत्ता मोठ्याने वाचायचा, मग विषय, मजकूर सगळ्यात शेवटी. ‘प्रिय ग्राहक’ दिसलं की म्हणत, "ह्याला माझं नाव ठाऊक न्हाई, अन् माझं खातं बंद पडायची काळजी लई!" मेलला जोडलेली फाइल तर ओळख पटल्याशिवाय ते उघडतच नसत. बंद पाकीट म्हणजे बंद पाकीट. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पण मग ते प्रत्येक लबाडाला उलट लिहीत: ‘पत्ता अपुरा. पाठवणाऱ्यास परत.’

असं उत्तर गेलं की तिकडे कळतं, इथे जिवंत माणूस बसलाय. त्यामुळे आधी रोज चार खोट्या मेल यायच्या, त्या दिवाळीपर्यंत चाळीस झाल्या. काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "लॉटरीवाल्याला लिहून राहिलेत व्हय? माझ्या भावाच्या पत्राला उत्तर द्यायला येळ न्हाई तुम्हाला!" मला मोठ्यांना काही सांगायची सवय नाही. तरी एकदा धीर करून म्हटलं, "काका, उत्तर देऊ नका. नुसतं पुसून टाका."

काकांनी चष्मा काढला. "भूकंपानंतर त्या पडलेल्या गावांचं टपाल माझ्याकडं होतं, पोरी. पत्र यायचं, घ्यायला कुणी न्हाई. शिक्का मारून परत धाडायचं, एवढंच काम. पण लिहिणारा वाट बघत राहील म्हणून मी खाली दोन ओळी लिहायचो. कळवावं लागतं."

"पण हे चोर आहेत."

"असतील. सवय माझी हाय, त्यांची न्हाई."

मी वर अभ्यासाला गेले.

निकाल लागला आणि मी नांदेडच्या महाविद्यालयाची आशा धरून बसले. वर्षभर त्याच एका गोष्टीसाठी जगले होते. एका दुपारी प्रवेश कक्षाच्या नावाने मेल आली: तुम्हाला जागा मिळाली आहे, सोबतचा अर्ज उघडून संध्याकाळच्या आत तुमच्या प्रवेश-खात्याचा पासवर्ड भरा, नाहीतर जागा रद्द. इंग्रजी निर्दोष होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. ज्याचं शुद्धलेखन बरोबर तो माणूस खरा, असा माझा पक्का समज. काकांच्या संगणकावर मी तो अर्ज उघडणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"थांब. पत्ता वाच."

मी वाचला.

"आता त्यांची जुनी मेल काढ. तिचा वाच."

दोन्ही सारखेच वाटले. काकांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर म्हणायला लावलं. नव्या पत्त्यात एक ‘एल’ जास्त होता.

"बुद्रुक अन् खुर्द!" काका खुशीत आले. "गावाचं नाव तेच, पण पत्र भलत्याच गावाला जातं. तुझं बुद्रुक. हे खुर्द हाय."

"आणि खरं असलं तर? संध्याकाळी जागा जाईल."

"मग खऱ्या दारानं जाऊन बघ."

प्रवेशाच्या संकेतस्थळाचा पत्ता मी हाताने टाइप केला. यादी अजून लागलीच नव्हती. पासवर्ड दिला असता, तर माझे पसंतीक्रम कुणा परक्याच्या हातात गेले असते. त्या लबाडाला उत्तर लिहायला काकांचा हात शिवशिवत होता. पण मेल माझी होती. दोन दिवसांनी यादी लागली. तीत माझं नाव होतं, नांदेडपुढे.

निघताना काका-काकूंना नमस्कार केला आणि रिक्षात बसले. नांदेडला पोहोचल्यावर घाटावरून गोदावरीचा फोटो काढला आणि काकांना मेल केला. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही.

सकाळी उत्तर आलं: ‘कोरं पाकीट. उघडलेलं नाही. पाठवणाऱ्यास परत.’ खाली दोन ओळी होत्या: ‘पत्ता तुझाच आहे, तीनदा तपासला, पण आत तुझं एकही अक्षर नाही. खुशाल आहेस ना?’

मग मी आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र लिहिलं. फोटोत गोदावरी आहे, वसतिगृहातला चहा पाणचट आहे आणि सकाळी कुणी मोठ्याने पत्ते वाचत नाही, हे कळवलं. शेवटी, ओळख पटावी म्हणून, नावापुढे ‘बुद्रुक’ लिहिलं.