वहिनीने लावलेला रेडिओ

काल घरचा कॉम्प्युटर सारखा बंद पडून आपोआप चालू होत होता. दुरुस्तीवाल्याने त्याचा पॉवर सप्लाय उघडला आणि जळक्या वायरचा वास सुटला. त्या वासाने मी थेट सत्तरच्या दशकातल्या आमच्या पाटणच्या घरात पोचले.

दादा फौजेत होता. रेडिओवरच्या जवानांच्या फर्माइशीत अमुक दिवशी आपलं नाव येणार, असं त्याने पत्राने कळवलं होतं. आणि नेमका त्याच दिवशी दुपारी, सेलऐवजी विजेवर चालावा म्हणून एलिमिनेटरच्या डबीला जोडलेला आमचा रेडिओ मिनिटामिनिटाला गप्प होऊन पुन्हा बोलायला लागला.

"मशीनच गेलं. साताऱ्याला न्यावं लागंल," आबा म्हणाले. आईचा चेहरा पडला.

नवी वहिनी हळूच म्हणाली, "आवं मामंजी, लाइट तर हाय. ह्यो एलिमिनेटरच लय तापलाय, जळका वास बी येतोय. तुमच्या बॅटरीतलं सेल घालून बघू का?"

आबांनी बॅटरी, म्हणजे त्यांचा टॉर्च, उघडून सेल दिले. वहिनीने एलिमिनेटरची वायर काढली, सेल बसवले आणि रेडिओ न अडखळता बोलू लागला.

थोड्या वेळाने दादाचं नाव आलं. आम्ही सगळे त्याचंच कौतुक करत बसलो. वहिनीचं राहूनच गेलं, हे आत्ता कळतंय. तिने मात्र लाजून पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने गल्लीला ऐकू जाईल इतका आवाज वाढवला.