वयनींची घरगल्ली

“आदी आडवो हो, मगे बोल.”

घरगल्लीचा विषय घेऊन कोणीही दारात आलं की वयनींचं पहिलं वाक्य हे असायचं. बसा नाही, चहा घेणार का नाही, थेट आडवे व्हा. खोलीत एकच लोखंडी खाट, विटांवर चढवलेली, आणि तिच्यावर वयनींचे यजमान अण्णा, अर्धांगवायूने पडलेले. वयनी अण्णांना हलकेच एका कडेला सरकवायच्या आणि उरलेल्या जागेत आलेल्या माणसाला निजवायच्या. चाळ कमिटीचे अध्यक्ष तिथे निजले. कचरा खात्याचा मुकादम खाकी गणवेशात, टोपी पोटावर ठेवून निजला. अण्णा मान जराशी वळवून पाहुण्याकडे बघायचे आणि पाहुणा बिचारा छताकडे.

“आता सांग, काय दिसता?”

“कपाट,” मुकादम म्हणाला.

“ह्यांका दिवसभर ताच दिसता. माणसान मरताना काय कपाट बघूचा?”

मुकादम उठून बसला आणि टोपी घालू लागला.

वयनी म्हणजे वहिनी. मालवणीत तसंच म्हणतात आणि डिलाईल रोडच्या आमच्या अर्ध्याअधिक चाळीचं गाव तिकडचंच, त्यामुळे थोरापोरांच्या त्या वयनीच. परळच्या एका हॉस्पिटलात त्यांनी आया म्हणून नोकरी केली होती. माणसांना उचलणं, कुशीवर वळवणं, निजवणं यात जन्म गेलेला, म्हणून त्यांच्या हातात काही असं होतं की भलाभला अधिकारीही वाद न घालता आडवा व्हायचा. अण्णा आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन, आणि मग एका सकाळी दाढी करताना हातातून ब्रश पडला तो पडलाच. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. जे शब्द परत आले ते एकेकटे, खूप वाट बघायला लावून येणारे.

खोलीला एकच खिडकी, तीही घरगल्लीकडे. तुम्ही चाळीत राहिला नसाल तर सांगतो. दोन चाळींच्या पाठींमध्ये जेमतेम दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी बोळ असते, ती घरगल्ली. सगळ्या मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप तिथे उतरतात. आणि वरच्या मजल्यांवरून भाजीची देठं, माशांची खवलं, पोरांचे डायपर, एकदा तर अख्खा मिक्सर, हेही तिथेच उतरतं. खिडकीबाहेर टाकलं की संपलं, अशी आमच्याकडे फार जुनी श्रद्धा आहे. तळमजल्यावर मात्र ते संपत नाही, तिथून सुरू होतं. त्यामुळे वयनींची खिडकी कित्येक वर्षं बंद होती. कडी गंजून चौकटीला चिकटली होती.

वयनींना ती खिडकी उघडायची होती. एवढीच त्यांची मागणी. ‘सुशोभीकरण’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही, तो पुढे फलकावर आला. आमच्या भागात कामाआधी फलक लागतो हे तुम्हाला माहीत आहेच.

अर्जविनंत्यांना महिना दोन महिने देऊन पाहिल्यावर एका सकाळी वयनी स्वतःच घरगल्लीत शिरल्या. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात उघडलेली काळी छत्री. ऐन मार्चमध्ये. थोड्याच वेळात छत्रीवर काहीतरी थपकन पडलं आणि तिसऱ्या मजल्यावरून तिथल्या सुनेचा आवाज आला, “ओ वयनी, जरा बाजूला व्हा ना!”

“मी बाजूक होतंय. तू खाली ये, पिशी घेवन.”

ती अर्थातच आली नाही. मग वयनींनी पडलेली पिशवी उचलली, गुडघे दाबत तीन जिने चढल्या, दार वाजवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “तुमचा कायतरी पडलला गो. हरवात म्हणान घेवन इलंय.” जणू वाळत घातलेला रुमाल वाऱ्याने उडाला होता. भांडण नाही, टोमणा नाही. त्या दिवसापासून जे पडेल ते ज्याचं त्याच्या दारात पोचू लागलं. आमच्याकडेही एकदा कांद्याची सालं परत आली. बायको खजील झाली, मी आईकडे बघितलं, आई टीव्हीकडे बघत राहिली.

हळूहळू वरून पडणं कमी झालं. मुकादमाने माणसं पाठवून वर्षानुवर्षांचा गाळ काढला. तो माणूस खाटेवर निजून गेल्यापासून बदलला होता, हे मी आजही पैजेवर सांगेन. गल्ली धुतली गेली त्या दिवशी वयनींनी कडीला तेल सोडलं, मी आणि त्यांनी मिळून खिडकी ओढली आणि ती कुरकुरत उघडली. अण्णांनी डोळे मिटून घेतले. उजेडाची सवय राहिली नव्हती.

पण समोर होती दुसऱ्या चाळीची काळीठिक्कर पडलेली भिंत. आता वयनींच्या डोक्यात भिंत शिरली.

माझं ऑफिस गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये आहे. तिथे वर्षातून एक शनिवार समाजसेवेचा असतो. मी मोठ्या हौसेने आमच्या चाळीचं नाव दिलं. एकसारखे टी-शर्ट घातलेली पंधरावीस माणसं आली, रंगाचे डबे आले. पण घरगल्लीत शिरायला ती जरा कचरली, आणि फोटोला उजेडही नव्हता. म्हणून त्यांनी चाळीच्या पुढच्या भिंतीवर एक भलंमोठं फुलपाखरू काढलं, ज्याच्या पंखांमध्ये उभं राहून फोटो काढता येतो. सगळ्यांनी काढले. वयनीही कौतुकाने बघून आल्या.

“बरा काढल्यांनी,” त्या मला म्हणाल्या. “पण ह्यांका दिसता खंय?”

शेवटी भिंत रंगवली ती आमच्याच शेजाऱ्याने. तो लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, गणपती उठले की मोकळा असतो. आम्ही त्याला पेंटर म्हणतो. त्याने वयनींना विचारलं, “काय काढू?” त्यांनी त्यांच्या गावचा समुद्र सांगितला, किनाऱ्याला माड, एक होडी. पेंटरने जीव ओतून काढला. लाटांवरची उन्हाची तिरीप बघून आम्ही सगळे गल्लीत नाक दाबून का होईना, पण उभे राहिलो.

वयनींनी चित्र पाहिलं, मान डोलावली आणि पेंटरचा हात धरून त्याला आत नेलं.

“आदी आडवो हो.”

पेंटर निजला. उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा काढलेला समुद्र खाटेवरून दिसतच नव्हता. दिसत होते माडांचे दोन शेंडे आणि त्यांच्यावर ड्रेनेजचा पाइप.

दुसऱ्या दिवशी त्याने बांबूंची परांची बांधली आणि तोच समुद्र आणखी पुरुषभर वर पुन्हा काढायला घेतला. या वेळी खाटेवरून सांगायला माणूस हवा म्हणून मला अण्णांशेजारी निजवण्यात आलं. रविवारचा अख्खा दिवस मी “अजून वर”, “होडी डावीकडे” असं ओरडत होतो. खाली वयनी छत्री धरून परांचीभोवती फिरत होत्या, रंगाचे थेंब चुकवत, पेंटरला सूचना देत. अण्णांनी समुद्राकडे फारसं पाहिलं नाही. खिडकीच्या खालच्या कडेला वयनींचं डोकं आणि छत्री एवढंच दिसायचं, तिकडे त्यांची नजर होती. मला वाटलं, मान वर करायला त्रास होत असेल.

मग वयनींनी रंगाचे रिकामे डबे पाइपांना तारेने टांगले, त्यांत मोगरा लावला, अबोली लावली. शेजारणींनी आपापली रोपं आणून दिली. हिवाळाभर ती खिडकी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उघडी असायची. वयनींनी आपलं निम्मं घरकाम गल्लीत नेलं. स्टुलावर बसून तांदूळ तिथे निवडायच्या, भाजी तिथे चिरायच्या, आणि मधूनच उठून खिडकीशी येऊन विचारायच्या, “दिसता मां?” अण्णा हं म्हणायचे. त्या दिवसांत अण्णा दोन घास जास्त जेवायचे. एकदा तर हसले. वयनी सगळ्या चाळीला सांगत फिरल्या की समुद्राचा गुण आला.

त्यांचा सगळा हिशोब अण्णा आधी जातील असा होता. आमचाही होता. अण्णांना शेवटी काहीतरी बरं दिसावं, यासाठी तर हे सगळं चाललं होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी नळावर पाणी भरताना वयनी खाली बसल्या. घाम आलाय म्हणाल्या. जिथे इतकी वर्षं नोकरी केली त्याच हॉस्पिटलात आम्ही त्यांना टॅक्सीने नेलं, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी बाकावर बसून लहान मुलासारखा रडलो. त्या माझ्या नात्याने कोणी नव्हत्या, पण एवढं जवळचं माणूस चाळीत मला दुसरं नव्हतं, हे मला त्या बाकावर कळलं.

चाळीने त्यानंतर जे केलं त्याचा मला अभिमान आहे. घरगल्लीत आता कोणी काही टाकत नाही. तिसऱ्या मजल्यावरची ती सून रोज खाली उतरून झाडांना पाणी घालते. पेंटरने होडीचा उडालेला रंग पुन्हा भरला. ज्या गोष्टीला वयनींचा सगळा जीव लागला होता ती आम्ही नीट सांभाळली, असं आम्हाला वाटत होतं.

वयनींची मुलगी विरारहून अण्णांजवळ येऊन राहिली होती. एका दुपारी तिने मला बोलावलं. डोळे सुजलेले होते.

“दादा, तूच समजाव बाबांना. सारखं खिडकी लाव म्हणतात. आईने एवढं केलं ते यांच्यासाठीच ना? मी लावणार नाही म्हटलं तर सकाळपासून जेवले नाहीत.”

मी खाटेच्या कडेला टेकलो. बाहेर ऊन चांगलं पडलं होतं आणि समुद्र खरोखर निळा दिसत होता.

“अण्णा, मोगरा बघितला का? कळ्या धरल्यात,” मी म्हणालो. “वयनींनी लावलेला.”

अण्णांनी चांगला हात उचलून खिडकीकडे नेला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. त्यांचा शब्द यायला वेळ लागतो, म्हणून आम्ही दोघं थांबून राहिलो.

“थंय,” अण्णा म्हणाले. आणि कितीतरी वेळाने, “थंय कोण नाय.”

मुलगी पदर तोंडाला लावून आत मोरीकडे गेली. मी उठलो आणि खिडकी लावून घेतली.