कप्तानाची उजवी बाही

अंतराळातली ती मालिका चाळीस वर्षं तुम्ही जेवता जेवता बघताय. त्या यानातल्या माणसांचे कपडे कुणी शिवले, हे कधी विचारलंत? नाही ना? मीही विचारलं नव्हतं. यानं, परग्रह हे सगळं पोट भरलेल्यांचं खूळ, असं मी चारचौघांत ठणकावून सांगायचो.

शिवणकामगारांच्या आमच्या संघटनेत टीपमावशी आहे. टीप सरळ, जीभ तिरकी. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने मिटत चाललीय. अशात वाहिनीच्या गोदामात मालिकेचे अगदी सुरुवातीचे भाग सापडले आणि रोज दुपारी लागायला लागले. मावशीची सून त्या मालिकेची वेडी. ती हाका मारायची, मावशी टाळायची.

"का गं?" मी विचारलं.

"माझं पाप आहे त्यात."

मग एकेक निघालं. पहिल्या कप्तानाचा पोशाख हिनेच शिवलेला. कापड एका बाजूने चांदीसारखं, दुसऱ्या बाजूने मळकट राख. घाईत नमुना न उलटता दोनदा तसाच ठेवला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या! जादा कापड नाही, सकाळी चित्रीकरण. मग एक बाही उलटी करून, मळकट बाजू वर, उजव्या खांद्याला जोडून दिली. पुढे तिला तिथून बोलावणं आलं नाही. घरी टीव्ही नव्हता. सगळं जग त्या बाहीला हसलं असणार, हे तिने चाळीस वर्षं उराशी धरलं.

मी तडकलो. "कापड टिचभर देणाऱ्याचं पाप नाही होय?"

"तू गप रे, भांडकुदळा. कात्री माझ्या हातात होती." मग म्हणाली, "पण आता नाही बघितलं तर कधी बघणार?"

सुनेने पडदे ओढले. मावशी टीव्हीला नाक लावून स्टुलावर बसली. काळंपांढरं चित्र पाण्याखालून वर यावं तसं आलं. पुठ्ठ्याचं यान, दोरीसुद्धा दिसत होती. तरी कपाट, शिलाई मशीन, आम्ही तिघं, सगळेच त्या राखाडी उजेडात जमिनीपासून सुटल्यासारखे झालो. मी, खूळ म्हणणारा, श्वास रोखून बसलो.

कप्तान आला. उजवा हात पाठीमागे. चालला, बसला, परग्रहावर उतरला, हात पाठीशीच.

"अहो आई, सगळे कप्तान असेच उभे राहतात," सून म्हणाली. "सातही! तीच तर त्यांची ऐट."

मावशीने काचेवर बोट ठेवून कप्तानाचा खांदा शोधला. मग हळूच, "झाकली रे बापड्याने माझी बाही." आणि एकदम खो खो हसत, "पण बाकीच्या सहा येड्यांनी काय झाकलं?"

रोज दुपारी आम्ही तसेच तरंगलो. अकराव्या भागात एक सोबती कड्यावरून निसटतो. कप्तान वाकतो, उजवा हात पुढे येणार, एवढ्यात भाग संपला. बारावा सापडलेलाच नाही. वाहिनी म्हणते, पुसला असेल. पुसायला पाटी आहे का ती? मी तिथे जाऊन भांडलो, उपयोग झाला नाही.

"एकदा दिसू दे," मावशी म्हणते. "मी लाजणार नाही आता."

त्या काळी तुमच्यापैकी कुणीतरी घरी टेप केलं असेल. माळे उपसा, ट्रंका उघडा, आणि तो बारावा भाग मावशीच्या डोळ्यांत उजेड आहे तोवर घेऊन या.