पापाचं फळ

बेंबळीच्या दगडाबाईला नवऱ्यानं, हिंमतरावानं, उभ्या जन्मात सुखाचा घास खाऊ दिला नाही. मारायचा, घराबाहेर काढायचा. म्हातारपणी त्याला अर्धांगवायू झाला आणि त्याचं हगणंमुतणं तिच्याच गळ्यात पडलं.

एकदा शेजारची शारदा कीर्तनाला निघाली होती. दारात थांबून म्हणाली, "काकू, देव बघतो बरं. काका केल्या पापाची फळं भोगायलेत."

दगडाबाई ओली चादर पिळत होती. "व्हय, त्यांनी भोगायलेत," ती म्हणाली, "पर उचलावं मलाच लागतंय. कंबर गेली माझी. म्या कुठलं पाप केलतं, तेवढं इचारून ये तुझ्या महाराजांना."

चप्पल काढून शारदा आत आली आणि दोघींनी मिळून हिंमतरावाला कुशीवर वळवलं.