दत्तादाचा इंग्लिश सिनेमा

मंडळी, आत्ताच घडलंय, म्हणून लिहितोय.

दुबईत अल क्वोजच्या आमच्या रूममध्ये दर रविवारी एकच जुना, काळा-पांढरा इंग्लिश विनोदी सिनेमा लागायचा. इंग्लिश आम्हाला येत नाही. राजापूरचा दत्तादा सगळं मराठीत सांगायचा. तो लंबूटांग हवालदार म्हणजे टकल्या पाद्र्याचा रुसलेला जावई. त्यांच्या भांडणाला आम्ही पोट धरून हसायचो.

गेल्या महिन्यात दत्तादा सुट्टीवर गावी गेला आणि तिथेच हार्ट अटॅकने वारला.

आज त्याच्या आठवणीत तोच सिनेमा लावला. रूममध्ये नवीन आलेला स्टोअरकीपर शिकलेला आहे. दहा मिनिटांत म्हणाला, "अहो, जावईबिवई कोणी नाही. दोघं शेजारी आहेत, भांडण कुत्र्यावरून आहे."

म्हणजे दत्तादालाही इंग्लिश येत नव्हतं! इतकी वर्षं मनाचंच सांगत होता.

स्टोअरकीपर खरी गोष्ट सांगायला लागला, तसा मी ओरडलो, "खलास, बास झालं! सिनेमाचा आवाज बंद कर."

मग मुक्या सिनेमावर आम्हीच दत्तादाचे डायलॉग म्हणत गेलो. शेवटी हवालदार टोपी काढून पाद्र्याला काहीतरी बोलतो, तिथलं दत्तादाचं वाक्य कुणालाच आठवेना.

आमच्या रूमवर राहून गेलेलं कुणी हे वाचत असेल, तर सांगा ना. शेवटी जावई काय म्हणायचा?